ओसरीवर आलेली दवंडी

१८९३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात बुडापेस्ट शहरी तिवादार पुश्काश नावाच्या एका हंगेरियन संशोधकाने टेलिफोनच्या तारांचा असा काही उपयोग आरंभिला, की तो आज ऐकला असता कोणासही उलटी गंगा वाहिल्यासारखे वाटेल. त्याच्या 'टेलेफोन हिर्मोंदो' या संस्थेचे वर्गणीदार आपापल्या घरी कर्णे कानाला लावून बसत, आणि पलीकडून निवेदक त्यांना दिवसभराच्या घडामोडी, बाजारभाव व पुढे पुढे नाट्यगृहातील संगीतही ऐकवीत असे. वर्गणीदाराने उलट चकार शब्द काढावा, अशी तजवीजच त्या यंत्रात ठेवलेली नव्हती. पुश्काश त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निवर्तला, तथापि त्याची संस्था पुढे कित्येक वर्षे चालली. याच दशकाच्या उत्तरार्धात मार्कोनीने बिनतारी संदेशवहन सिद्ध केले, आणि त्याचा हेतू नेमका विरुद्ध होता: जहाजाने किनाऱ्याशी बोलावे, किनाऱ्याने जहाजाला जबाब द्यावा, म्हणजे एकाने एकाशीच बोलावे. हवेत सोडलेला संदेश यंत्र बाळगणाऱ्या कोणाही तिऱ्हाइताच्या कानी पडतो, हे त्या काळी या विद्येतील मोठे व्यंग समजले जाई आणि ते झाकण्यासाठी नाना खटपटी चालत. पुढल्या तीसएक वर्षांत या दोन यंत्रांनी आपापल्या जागा बदलल्या. टेलिफोन गुजगोष्टींचा झाला. बिनतारी यंत्राचे व्यंग हेच त्याचे सामर्थ्य ठरले, आणि २३ जुलै १९२७ रोजी तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा एकाने बोलावे व सहस्रावधींनी निमूटपणे ऐकावे हा व्यवहार आपल्याकडेही रीतसर रुजू झाला.

ही जुनी हकिकत सांगण्याचे प्रयोजन एवढेच, की कोणतेही यंत्र जन्मतः संवादी नसते आणि जन्मतः घोषणाबाजही नसते. त्याच्याकडे कोणते काम सोपवायचे, हे माणसे ठरवितात, पुष्कळदा चाचपडत ठरवितात, आणि एकदा ठरले म्हणजे त्या कामाचे संकेत, शिष्टाचार व जबाबदाऱ्या हळूहळू सिद्ध होतात. टेलिफोनवर आपण 'हॅलो' म्हणून थांबतो, रेडिओवरील निवेदकाला कोणी प्रतिप्रश्न करीत नाही, आणि या दोहोंत आपली कधी गफलत होत नाही. समाजमाध्यमांच्या बाबतीत मात्र ही वाटणी अद्याप झालेली नाही. किंबहुना ती होऊ नये यातच ती माध्यमे चालविणाऱ्यांचे हित गुंतलेले आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

बर्टोल्ट ब्रेख्ट या जर्मन नाटककाराने १९३२ मध्ये नभोवाणीविषयी एक तक्रार मांडली होती. हे यंत्र केवळ वाटप करते, त्याने दळणवळण करावे. श्रोत्याला नुसते ऐकविण्याऐवजी त्याला बोलते करावे आणि त्याला एकाकी न ठेवता इतरांशी जोडावे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याची मागणी आपल्या काळात पुरी झाली, आणि ती अशा रीतीने पुरी झाली, की मूळ मागणीदारालाही तोंडात बोट घालावे लागले असते. प्रत्येक श्रोत्याच्या खिशात एकेक प्रक्षेपण केंद्र आले. बोलण्याची मुभा सर्वांस मिळाली, परंतु बोलणाऱ्याने ऐकलेही पाहिजे हे त्या मागणीचे दुसरे अर्धांग कुठल्या कुठे राहून गेले.

संभाषण ही वस्तू आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्या रचनेकडे आपले लक्ष जात नाही. १९७४ मध्ये हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफर्सन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी प्रत्यक्ष बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांवरून असे दाखवून दिले, की साध्या गप्पांतही पाळी देण्याघेण्याचे अत्यंत काटेकोर नियम असतात. कोणी अध्यक्ष नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते, आणि तरीही बहुतेक वेळ एका वेळी एकच जण बोलत असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगातील दहा निरनिराळ्या भाषांची तुलना करण्यात आली, तेव्हा एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांतील अंतर सरासरीने सेकंदाच्या पंचमांशाइतके अल्प भरले. मनात वाक्य जुळविण्यास याहून अधिक वेळ लागतो. त्याअर्थी ऐकणारा मनुष्य ऐकता ऐकताच आपले उत्तर रचीत असतो, समोरच्याचे वाक्य कोठे संपणार याचा अदमास घेत असतो, आणि बोलणाराही त्याच्या भिवयांकडे पाहत आपले वाक्य लांबवीत, आखडीत किंवा अर्ध्यावर सोडीत असतो. संवादात एक बोलतो व दुसरा ऐकतो हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. दोघे मिळून एकच वाक्य घडवीत असतात.

आणि असे घडविणाऱ्यांची संख्या फार मोठी असू शकत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचे नाव, एक माणूस सुमारे दीडशेच नाती सांभाळू शकतो या त्यांच्या सिद्धांतामुळे सर्वत्र झाले आहे, परंतु त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेले दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. ते असे, की सहजगत्या जमलेल्या मंडळींत एका संभाषणात साधारणतः चारच जण टिकतात. पाचवा आला की लवकरच त्या वर्तुळाची दोन वर्तुळे होतात. ज्याला याचा पडताळा पाहावयाचा असेल त्याने कोणत्याही मुंजीत किंवा लग्नात जेवणे उरकल्यावर अर्धा तास मांडवाच्या खांबाशी उभे राहावे. आठ खुर्च्यांचे एक कोंडाळे बसलेले दिसले, तरी त्यात जमिनीच्या वाटणीची एक आणि मुलाच्या नोकरीची दुसरी, अशी दोन बोलणी चाललेली असतात, आणि एखादा आवाजी मामा आठही जणांना एकदम काही सांगू लागला, की तेथे संभाषण संपून व्याख्यान सुरू झाले असे खुशाल समजावे.

एखादे बोलणे संवाद आहे की प्रक्षेपण, हे ओळखण्याची एक कसोटी यावरून हाती येते. ऐकणाऱ्याच्या उत्तराने बोलणाऱ्याचे पुढचे वाक्य बदलू शकत असेल, तर तो संवाद. पुढचे वाक्य आधीच ठरून गेलेले असेल, तर ते प्रक्षेपण, मग बोलणारा कितीही लाघवी असो. गावात दवंडी देणारा 'ऐका हो ऐका' म्हणून मामलेदारसाहेबांच्या आगमनाची वर्दी देई, तेव्हा त्याला 'का येताहेत?' असे विचारण्यात हशील नसे, कारण हुकूम कचेरीतून सुटलेला, मजकूर दुसऱ्याचा, आणि हा केवळ त्याचा वाहक. लोकही हे जाणून असत. दवंडी ऐकावयाची रस्त्यावर. तिच्यावर तर्क लढवायचे पारावर, वाद घालायचा चावडीवर आणि कुजबूज करायची ओसरीवर. या जागा निराळ्या होत्या, आणि एका जागेचे बोलणे दुसऱ्या जागी न्यायचे झाल्यास माणसाला उठून चालत जावे लागे.

प्रक्षेपण ही हलक्या दर्जाची वस्तू आहे असे मात्र कोणी समजू नये. गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावाने १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात जी शतपत्रे लिहिली, ती रूपाने पत्रे असली तरी एका मनुष्याने एका मनुष्यास लिहिलेली नव्हेत. समस्त मराठी वाचकवर्गाला चार खडे बोल ऐकविण्याचा तो उद्योग होता, आणि प्रत्येक वाचकाच्या संमतीची वाट पाहत ते बसले असते तर पहिल्या पत्राच्या पलीकडे मजल गेली नसती. समाजाला जे ऐकावेसे वाटत नाही ते सांगण्यासाठी उंचावरून, एकतर्फी, न थांबता बोलण्याची गरज असतेच. उलटपक्षी, हजारोंसाठी केलेल्या बोलण्यातही संवादाचा अंश राखता येतो, याचा आपल्याकडील थोर दाखला ज्ञानेश्वरीचा आहे: श्रोते मध्येच सुचवितात, स्तुती आवरण्यास सांगतात, मूळ विषयाकडे वळा म्हणतात, आणि वक्ता ते मानून वळतो. ग्रंथरूपाने आलेल्या त्या निरूपणात श्रोत्यांची ही लुडबूड कायम ठेवण्यात आली, यातच तिची किंमत कोणाला कळली होती हे दिसते.

आता समाजमाध्यमांकडे येऊ. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा मित्राची खबरबात हवी असल्यास त्याचे पान मुद्दाम उघडून पाहावे लागे. सप्टेंबर २००६ मध्ये 'न्यूज फीड' आले आणि मित्राने केलेली प्रत्येक बारीकसारीक हालचाल न विचारता सर्वांच्या पुढ्यात येऊन पडू लागली. वापरणाऱ्यांना हा बदल इतका खटकला, की लाखोंनी निषेध नोंदविला आणि संस्थापक मार्क झुकरबर्ग यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. फीड मात्र राहिले ते राहिलेच, आणि गंमत अशी, की तो निषेधही बऱ्याच अंशी त्या फीडमुळेच पसरला. ट्विटरची कथा अधिक बोलकी आहे. २००६ मध्ये ते निघाले तेव्हा लिहिणाऱ्यास 'तुम्ही काय करीत आहात?' असा प्रश्न तेथे विचारला जाई. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच्या जागी 'काय घडते आहे?' असा प्रश्न आला. पहिला प्रश्न मित्र मित्राला विचारतो; दुसरा, संपादक आपल्या बातमीदाराला विचारतो. त्याच सुमारास तेथे दुसऱ्याचे लिखाण एका कळीसरशी पुढे पाठविण्याची सोय झाली. तोवर लोक तो मजकूर हाताने उतरवून, मूळ लेखकाचे नाव घालून, बहुधा स्वतःचे दोन शब्द जोडून पाठवीत असत. त्या उतरवण्यात जो काही क्षणांचा विलंब होता, तेवढा विचाराला पुरत असे. ही कळ ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली त्या क्रिस वेदरेल यांनी पुढे २०१९ मध्ये तिच्याबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला.

याच २००९ सालच्या फेब्रुवारीत फेसबुकवर 'लाइक'चा अंगठा अवतरला, आणि माझ्या मते संवादाच्या दृष्टीने त्या वर्षातील सर्वांत दूरगामी घटना तीच. मघाच्या कसोटीला तो लावून पाहा. मी एखादे वाक्य लिहिले, त्याखाली चाळीस अंगठे उमटले. माझ्या पुढच्या वाक्यात त्यामुळे काय बदलले? आशयात काहीच नाही, कारण अंगठ्यात सवाल नाही, शंका नाही, दुरुस्ती नाही. बदलला तो एक आकडा, आणि त्या आकड्याच्या लोभाने माझ्या वाक्याची जात बदलू लागली. उत्तराची जागा हिशेबाने घेतली, की बोलणारा समोरच्या माणसाकडे पाहणे सोडून जमाखर्चाच्या वहीकडे पाहू लागतो.

यात आणखी एक अडचण मिसळली. प्रत्यक्ष जीवनात आपण मामांशी एका तऱ्हेने बोलतो, वर्गमित्राशी दुसऱ्या, कचेरीतील साहेबांशी तिसऱ्या. यात लबाडी नाही, ती साधी जनरीत आहे. समाजमाध्यमावर हे सगळे जण, आणि मुलीचे भावी सासरेही, एकाच वेळी एकाच वाक्याचे वाचक होतात. अॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये या परिस्थितीची चांगली चिकित्सा केली. सर्वांना एकदम चालेल असे वाक्य लिहू गेल्यास ते गुळमुळीत होते, आणि एकाच गटाला खूष करू गेल्यास त्याला घोषणेचा सूर चढतो. मनुष्य मग मित्रांशी बोलतानाही जाहीरनाम्याच्या भाषेत बोलू लागतो. ज्या आईला फोनच चालविता येत नाही तिला उद्देशून लिहिलेली वाढदिवसाची शुभेच्छा आपण सर्वांनीच वाचली आहे. ती आईखेरीज सर्वांपर्यंत पोहोचते.

मृत्यूच्या प्रसंगी हा घोटाळा विशेष जाणवतो. घरात कोणी गेले असता ती वार्ता एका पोस्टने गावोगावच्या आप्तेष्टांना कळविणे ही निःसंशय सोय आहे. दहा जणांनी पन्नास ठिकाणी फोन करीत बसण्यापेक्षा ती बरी. परंतु वार्ता कळविणे प्रक्षेपणाने झाले म्हणून सांत्वनही प्रक्षेपणानेच करावे असे थोडेच आहे? आपल्याकडे समाचारास जाण्याची चाल आहे. त्या भेटीत बोलणे जवळपास नसतेच. मनुष्य जातो, सतरंजीवर बसतो, 'कसं झालं?' एवढे विचारतो, आणि तीच हकिकत सांगणारा तेराव्यांदा सांगत असला तरी ती ऐकून घेतो. ऐकून घेणे हेच तेथील काम. त्याऐवजी एकाखाली एक उमटत गेलेल्या दोनशे 'भावपूर्ण श्रद्धांजलीं'त एकही ऐकणारा नसतो, आणि त्यांपैकी निम्म्या तरी आपले नाव त्या यादीत दिसावे म्हणून लिहिलेल्या असतात, हे कटू असले तरी बोलून टाकलेले बरे.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक मार्मिक निबंध लिहिला होता. पडद्यावरील निवेदक प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून, आपुलकीच्या सुरात बोलतो, आणि प्रेक्षकाला आपली व त्याची ओळख असल्याचा भास होतो. नाते एकतर्फीच, परंतु दुतर्फी वाटणारे. तेव्हा निदान निवेदकाला तरी ठाऊक असे, की आपण काचेच्या भिंगाशी बोलत आहोत. आज ज्याचे तीनशे अनुयायी आहेत तोही त्याच सुरात बोलतो आणि आपण मित्रमंडळीत बसलो आहोत असे त्यालाही प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात बोलणारे थोडे व बाकी सारे श्रोते, हे प्रमाण येथेही सुटलेले नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तेथील प्रौढ ट्विटरकरांपैकी दहा टक्के लोकांच्या हातून तेथील ऐंशी टक्के मजकूर निघत होता.

आपल्या घरात समाजमाध्यम म्हणजे प्रामुख्याने व्हॉट्सॲप, आणि तेथील प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २००९ मध्ये निघालेले हे साधन मुळात दोन माणसांनी एकमेकांस निरोप धाडण्याचे. त्यात ग्रुप आले, ग्रुपांची सभासदमर्यादा शंभरावरून दोनशे छप्पन्न आणि २०२२ मध्ये एक हजार चोवीस झाली. चौघांचे संभाषण टिकविणे जेथे कठीण तेथे सहस्राचे काय व्हावे, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. परंतु खरी मेख 'फॉरवर्ड'मध्ये आहे. वृत्तपत्रातील मजकुराखाली संपादक व मुद्रक यांची नावे छापलेली असतात, नभोवाणीवर केंद्राचे नाव उच्चारले जाते, दवंडी देणारासुद्धा कोणाच्या हुकुमाने ओरडतो हे गाव जाणते. फॉरवर्ड झालेल्या मजकुराला असा धनी नसतो. तो कोण्या अज्ञाताने लिहिलेला असतो, हजारो हातांतून आलेला असतो, आणि आपल्याजवळ पोहोचतो तो मात्र सख्ख्या काकांच्या नावाने, काल ज्या जागी काकांनी गुडघेदुखीची विचारपूस केली होती त्याच जागी. त्यामुळे दवंडीला ओसरीची विश्वासार्हता लाभते. काका म्हणतात, 'मी नुसता पाठवला, मी कुठे लिहिला?' आणि पुतण्या म्हणतो, 'काकांनी पाठवला म्हणजे काहीतरी असेल.'

याचे भयंकर पर्यवसान महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावी, आठवड्याच्या बाजारादिवशी, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरिता फिरणारे निरपराध लोक होते. मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. अफवा जुन्या काळीही उठत. परंतु तोंडी अफवेला सांगणारा माणूस समोर असे, त्याला 'तू पाहिलेस काय?' असे दटावून विचारता येई, आणि दोन उलट प्रश्नांनी पुष्कळ अफवा उंबरठ्यातच मरत. चित्रफितीला उलटतपासणी करता येत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठविण्याची मर्यादा घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असा निर्बंध आणला. त्यायोगे अशा मजकुराचा प्रसार सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. म्हणजे लोकांच्या स्वभावात काडीचा फरक न होता, केवळ हाताला थोडा अधिक श्रम पडू लागल्याने, एवढा फरक झाला. यंत्राची घडण किती कारणी लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

येथे मला पुण्याच्या एका जुन्या प्रयोगाची याद द्यावीशी वाटते, कारण तो आपल्याच मुलखातील असून आपणच तो विसरलो आहोत. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालत असत. त्या धर्तीवर १९५६ साली, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे आकाशवाणी केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळे स्थापिली. प्रत्येक मंडळात वीसएक सभासद, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम त्यांच्यासाठी ध्वनिक्षेपित झाले: शेती, आरोग्य, शिक्षण, गावकीचे प्रश्न. कार्यक्रम संपला की मंडळी ऐकलेल्या विषयावर आपसात चर्चा करीत, आणि निमंत्रक त्या चर्चेचा वृत्तांत व उरलेल्या शंका केंद्राकडे लिहून धाडीत असे. त्या शंकांची उत्तरे पुढल्या कार्यक्रमांतून दिली जात.

टाटा समाजविज्ञान संस्थेने, अमेरिकेतून आलेल्या पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, या प्रयोगाची रीतसर पाहणी केली, आणि तिची आखणी वाखाणण्याजोगी होती. मंडळांची गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे, आणि रेडिओही नसलेली गावे, अशी तुलना करून प्रयोगापूर्वी व नंतर लोकांच्या माहितीची परीक्षा घेण्यात आली. मंडळांच्या गावांत ज्ञानाची वाढ ठळक दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानाने बरीच थोडी होती. यंत्र तेच, आवाज तोच, भाषा तीच. कित्येक मंडळे चर्चेवर न थांबता कृतीकडे वळली. कोठे विहिरीचे काम निघाले, कोठे बालवाडी. न्यूरथ आणि आकाशवाणीचे तत्कालीन प्रमुख जगदीशचंद्र माथुर यांनी या प्रयोगाचा अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोतर्फे प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगात कोणालाही प्रक्षेपण केंद्र खिशात दिलेले नव्हते. बोलणारा पुण्यात, ऐकणारे दीडशे गावांत, ही असमानता जशीच्या तशी होती. पण तीन गोष्टी त्या प्रयोगात होत्या, ज्या आजच्या कोट्यवधींच्या यंत्रणेत सापडत नाहीत. मंडळ लहान होते. वृत्तांत लिहिण्याचे काम नावानिशी एका माणसाकडे सोपविलेले होते आणि त्याला जबाब देणे केंद्रावर बंधनकारक मानलेले होते. गावकऱ्याची शंका केंद्राच्या पुढल्या कार्यक्रमात उतरत असे. आणि तिसरी, जिचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते, ती म्हणजे अर्ध्या तासाने कार्यक्रम संपत असे. रेडिओ बंद झाला, की आता काय, म्हणून माणसे एकमेकांकडे वळत. आजच्या पडद्यावर काहीच संपत नाही. एक मजकूर वाचून डोके वर काढावे तो दुसरा आलेला असतो, आणि शेजारी बसलेल्या भावाला 'तुला काय वाटते?' असे विचारण्यास जी थोडकी निःशब्दता लागते, ती यंत्र मिळूच देत नाही. तशी ती मिळू लागली तर जाहिरातदारांचे नुकसान आहे, हे उघडच आहे.

अलीकडे या क्षेत्रात आपोआपच एक वाटणी होऊ लागली आहे. अमेरिकी सरकारने फेसबुकच्या मालक कंपनीवर मक्तेदारीची फिर्याद लावली होती, तिच्या सुनावणीत २०२५ मध्ये कंपनीने स्वतःच्या बचावासाठी असे आकडे मांडले, की लोक फेसबुकवरील आपल्या वेळापैकी अवघा सतरा टक्के आणि इन्स्टाग्रामवरील सात टक्के वेळ मित्रांचा मजकूर पाहण्यात घालवितात. बाकीचा वेळ अनोळखी माणसांच्या चित्रफितींत जातो. मैत्रीच्या नावाने बांधलेले घर दूरचित्रवाणीचे केंद्र झाल्याची ही खुद्द घरमालकाची कबुली होय. झुकरबर्ग यांनी २०१९ मध्येच लोक चव्हाट्यावरून दिवाणखान्याकडे वळत असल्याचे लिहिले होते; मित्रांचे बोलणे खासगी निरोपांत आणि पाचसात जणांच्या लहान ग्रुपांत गेले आहे. दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर २०२३ पासून व्हॉट्सॲपवर भारतात 'चॅनेल' सुरू झाले, त्यात चालक बोलतो आणि अनुयायांना चिन्हांपलीकडे फारसे काही उमटविता येत नाही. या सोयीबद्दल अनेकांनी नाके मुरडली. मला ती पसंत आहे. ती दवंडी असून दवंडीच म्हणविते, ओसरीवर येऊन बसत नाही.

ज्या ग्रुपात फक्त ॲडमिनला लिहिता येते, त्यांचेही तसेच. ही सोय २०१८ मध्ये आली, आणि आज शहरांतील पुष्कळ गृहनिर्माण सोसायट्यांनी आपला अधिकृत ग्रुप तसा करून टाकला आहे: त्यावर पाणी कधी बंद, लिफ्टचा दुरुस्तीवाला कधी, वार्षिक सभा किती वाजता, एवढेच येते. सभासदांनी प्रथम हा दडपशाहीचा प्रकार म्हणून कुरकूर केली, आणि मग प्रत्येक जिन्यावरच्या पाचसहा बिऱ्हाडांनी आपापले निराळे ग्रुप काढले. तेथे त्या सूचनांची यथास्थित चिरफाड होते. टाकी धुण्यासाठी सकाळी सातची वेळ कोणी ठरविली, त्या वेळी शाळेचे डबे कसे व्हायचे, असा प्रश्न तेथे निघतो, आणि कोणीतरी एक काकू संध्याकाळी चिटणिसांच्या दारावरची घंटा वाजवितात. दुसऱ्या दिवशी अधिकृत ग्रुपवर सुधारित सूचना येते, तीत टाकी धुण्याची वेळ अकराची असते.